कडेवरचा झोका

"पण मी नियम कुठला मोडला? तेवढं सांगा की, चाचा."

चाचांनी हातातल्या ब्रशवर फुंकर मारली.

"हरवलं तिला. फसवून हरवलं का? नाही. पंच काही म्हणाले? नाही. मग दोन दिवस माझा फोन का उचलत नव्हता तुम्ही?"

चाचांच्या मांडीवर एक उघडलेला कंट्रोलर होता. बारीक ब्रशनं ते त्यातली धूळ काढत होते. ब्रश थांबला नाही.

"झोका तुम्हीच शिकवलात ना मला?" श्रेणिकचा आवाज चढला. "मी तो केला. लाखभर लोकांनी बघितला. सगळ्यांना आवडला आणि राग आला तो तुम्हालाच?"

"हो," चाचा म्हणाले. "मलाच."

...

चाचा, म्हणजे शिराज मोमीन, इचलकरंजीत जॉबर होते. बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणं हे त्यांचं काम. एका मागानं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेचली. बोटं राहिली, पण वाकेनात. मग त्यांनी काम सोडलं आणि सुताच्या एका दुकानावरच्या खोलीत चार टीव्ही मांडून गेम पार्लर काढलं. याला वीस वर्षं झाली. शेजारी आणि मागच्या बाजूला माग चालूच असायचे. त्या खडखडाटात बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागे. चाचा मात्र हळूच बोलायचे. ऐकणाऱ्यालाच पुढं वाकावं लागायचं.

पार्लरमध्ये एकच गेम जास्त चालायचा. त्याचं नाव लांबलचक होतं. इचलकरंजीत सगळे त्याला 'कडेलोट' म्हणायचे. हवेत तरंगणारी एक फळी, तिच्यावर दोन लढवय्ये. मारून मारून समोरच्याला फळीवरून खाली पाडायचं. प्रत्येकाला तीन जीव. आठ मिनिटांचा डाव.

श्रेणिक मगदूम तेराव्या वर्षी तिथं पहिल्यांदा आला. आता तो एकवीस वर्षांचा होता. जिल्ह्यात त्याला हरवणारं कुणी उरलं नव्हतं, आणि हे त्याला माहीत होतं.

आणि झोका...

झोका ही मारण्याची चाल नव्हती. वाचण्याचीही नव्हती. लढवय्या धावत फळीच्या कडेपर्यंत जायचा, पाय निसटणार इतक्यात पाठमोरा व्हायचा, आणि अर्धी पावलं हवेत ठेवून मागेपुढे झुलायचा. बस, एवढंच. त्यानं समोरच्याचं काही बिघडत नसे, आपलंही काही साधत नसे. उलट झोका घेणारा त्या वेळी पुरता उघडा असायचा. कुणीही टिचकी मारावी आणि पाडावं.

चाचांना तो एका दुपारी नुसतं खेळता खेळता सापडला होता. वाकत नसलेल्या बोटांमुळे बटण उशिरा दाबलं गेलं आणि पडद्यावरचा गडी पडायच्या ऐवजी झुलायला लागला. चाचा एकटेच हसले होते, असं ते सांगायचे.

पार्लरमध्ये एक रीत पडून गेली होती. डाव कितीही रंगात असो, एकानं झोका घेतला की दुसऱ्यानं हात थांबवायचे. बघायचं. वाटलं तर आपणही शेजारी जाऊन झुलायचं. मग पुन्हा मारामारी. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती. कुणी कुणाला सांगितलीही नव्हती.

...

रविवारी कोल्हापुरात स्पर्धा झाली. पहिल्याच फेरीत श्रेणिकसमोर केतकी हेरवाडे नावाची मुलगी आली. कुरुंदवाडची, एकोणीस वर्षांची. एसटीनं एकटीच आली होती. कापडी पिशवीतून तिनं स्वतःचा कंट्रोलर काढला तेव्हा मागचे दोघं-तिघं हसले.

साडेतीन मिनिटांत श्रेणिकनं तिचे दोन जीव घेतले. तिसरा एका टिचकीचा होता.

ती टिचकी त्यानं मारली नाही.

पुढची चार मिनिटं तो तिच्याभोवती नाचला. कडेवर झोका घ्यायचा, ती मारायला आली की सटकायचा, तिच्या पाठीमागे जाऊन पुन्हा झुलायचा. उलट्या पावलांनी तिच्याकडे घसरत जायचा आणि तिथून गिरक्या घेत परत यायचा. हॉलमधले लोक हसायला लागले, मग शिट्ट्या सुरू झाल्या. ती चुकायची आणि दर चुकीला टाळ्या पडायच्या.

शेवटी तिनं कंट्रोलर खाली ठेवला. उठली. पिशवी तिथंच राहिली.

डावाचं अर्धं मिनिट बाकी होतं. पडद्यावर तिचा गडी नुसता उभा होता. श्रेणिकनं हॉलकडे बघून हात वर केले आणि मग त्याला पाडलं.

त्या चार मिनिटांचा व्हिडिओ रात्रीत सगळीकडे पोचला. सोमवारी पुण्यातल्या एका गेमिंग कंपनीचा फोन आला. संघात घेतो, म्हणाले. फक्त दर सामन्यात थोडं 'तसलं' हवं. गुरुवारी गावात येऊन तुझ्या उस्तादांबरोबर शूटिंग करू.

उस्तादांनी फोन उचलला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. मग बुधवारी दुपारी श्रेणिक स्वतःच जिना चढून आला. पार्लर रिकामं होतं.

...

"उद्या माणसं येणार आहेत," श्रेणिक म्हणाला. "आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलंय मला. तुम्ही फक्त शेजारी बसायचं. बोलायचंसुद्धा नाही."

"नाही बसणार."

"का?"

चाचांनी कंट्रोलरचे स्क्रू बसवले. एक, दोन, तीन. मग ते उठले. टीव्ही लावला, एक कंट्रोलर श्रेणिकच्या अंगावर जवळजवळ फेकला आणि दुसरा आपण घेतला.

"बस."

"आत्ता?"

"बस म्हटलं ना!"

आठ वर्षांत चाचांचा असा आवाज श्रेणिकनं ऐकला नव्हता. तो बसला.

"माझा एकच जीव ठेव," चाचा म्हणाले. "तिचा होता तसा. मी खरोखर खेळणार. तूही तिच्याशी खेळलास तसंच खेळायचं. चार मिनिटं. मारायचं नाही."

"तुमच्याशी? चाचा, तुमची बोटं..."

"तिच्या बोटांचा विचार केला होतास?"

डाव सुरू झाला.

पहिला झोका श्रेणिकनं रागानंच घेतला. उत्तम घेतला. चाचांचा गडी धावत आला. श्रेणिक सटकला, मागे गेला, झुलला. चाचा वळले. पुन्हा धावले. पुन्हा हुकले.

एक मिनिट गेलं.

चाचा खरंच खेळत होते. ते पुढं सरकून बसले होते. न वाकणारी दोन बोटं बाजूला धरून उरलेल्या बोटांनी बटणं दाबत होते. दर वेळी अर्धा क्षण उशीर होत होता. श्वास मोठा झाला होता. श्रेणिकला तो मागांच्या आवाजातूनही ऐकू येत होता.

"पुरे, चाचा."

"अडीच मिनिटं राहिली."

श्रेणिक मुद्दाम हळू झाला. चाचांचा एक फटका त्याला लागला.

"तिला लागू दिला होतास?" चाचांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "नीट खेळ."

तो नीट खेळला. खोलीत शिट्टी नव्हती, टाळी नव्हती. एक म्हातारा होत चाललेला माणूस त्याला गाठायला धावत होता आणि तो गाठू देत नव्हता. झोका, गिरकी, उलटी चाल. झोका, गिरकी... चार मिनिटं इतकी लांब असतात हे श्रेणिकला माहीत नव्हतं. तळव्यांना घाम आला होता. एकदा बटण घसरलं. एकदा तो स्वतःच पडता पडता वाचला.

चार मिनिटं झाली.

चाचांनी कंट्रोलर खाली ठेवला. उठले. खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

पडद्यावर त्यांचा गडी नुसता उभा होता.

"संपव," चाचा म्हणाले.

"नको."

"तिथं संपवलंस ना? संपव."

"चाचा, नको म्हणतोय ना..."

"संपव!"

श्रेणिकनं बटण दाबलं. गडी फळीवरून उडाला आणि खाली गेला. गेममधल्या टाळ्या वाजायला लागल्या. रिकाम्या खोलीत त्या बराच वेळ वाजत राहिल्या. कुणी उठून टीव्ही बंद केला नाही.

"आता हात वर कर," चाचा म्हणाले. अजून पाठमोरेच.

श्रेणिक ताडकन उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

"काय हवंय काय तुम्हाला? सगळे चेष्टा करतात! मोठमोठे खेळाडू करतात! मी एकट्यानंच काय घोडं मारलंय? का पाया पडू? पडतो. या इकडे!"

"माझ्या कशाला?"

श्रेणिकनं दार आपटलं. जिना उतरतानाही तो बडबडत होता.

...

गुरुवारी सकाळी तो कुरुंदवाडच्या एसटीत बसला.

पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. ती मुलगी म्हणेल, जाऊ दे, खेळात चालायचंच. मग हे चाचांच्या तोंडावर सांगायचं आणि संध्याकाळच्या शूटिंगला त्यांना बसवायचं. एसटीत तेवढंच त्याच्या डोक्यात होतं.

हेरवाड्यांची पिठाची गिरणी होती. केतकी तिथंच भेटली. तिच्या भुवयांवर पीठ होतं. दोन बायका डबे घेऊन उभ्या होत्या. गिरणी चालू होती.

तिनं त्याला लगेच ओळखलं.

"रेकॉर्ड करतोयस का?"

"नाही."

"फोन इथं ठेव."

त्यानं फोन काट्याशेजारी ठेवला.

"काय ते बोल."

"चुकलं माझं," श्रेणिक म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

खरंच आलं नसेल. गिरणी बंद करायला तिनं हात मात्र उचलला नाही.

"चुकलं माझं!" तो ओरडला. दोन्ही बायका वळून बघायला लागल्या. त्याचे कान तापले.

"काय चुकलं?"

"तुझी चेष्टा केली!"

"ते नाही," केतकी म्हणाली.

श्रेणिक गोंधळला. "मग?"

तिनं एकीचा डबा भरला, झाकण लावलं, तिला दिला. मग पुढं आली. आता तिला ओरडावं लागत नव्हतं.

"माझा दुसरा जीव कसा घेतलास, आठवतंय?"

"नाही."

"तू कडेला गेलास आणि झुलायला लागलास. मी असलं काही कधी बघितलं नव्हतं. इथं कोण आहे मला शिकवायला? मी एकटीच खेळते. मला ते इतकं आवडलं... मी थांबले. हात काढून घेतला बटणांवरून. मला वाटलं, तू मला काहीतरी दाखवतोयस."

गिरणी चालू होती.

"मी बघत होते आणि तू मला मारलंस," केतकी म्हणाली. "व्हिडिओ त्याच्या नंतरचा आहे. ते कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. ते फक्त तुला आणि मला माहीत आहे. आणि तुला तर आठवतही नाही."

श्रेणिकला आठवलं.

तिचा गडी फळीच्या मधोमध थांबला होता. त्याला वाटलं होतं, घाबरली. त्यानं एका झेपेत तिला उडवलं होतं आणि मनात म्हणाला होता, किती सोपी आहे ही.

"केतकी..."

"चेष्टेचं काय! कॉलेजात रोज होते. त्यानं मी उठून गेले असते का?" तिचा आवाज आता चिरका झाला होता. "नंतरच्या चार मिनिटांत मी तुला मारायलाच धावत होते. हरणार हे माहीत होतं. एक फटका, फक्त एक, लागावा म्हणून. तोही लागू दिला नाहीस."

"मी... मला माफ करशील?"

"नाही."

तिनं त्याचा फोन उचलून त्याच्या हातात दिला. त्यावर पिठाची बोटं उमटली.

"आणि परत इथं यायचं नाही," ती म्हणाली आणि दुसऱ्या बाईचा डबा घेतला.

...

कुरुंदवाडच्या स्टँडवरूनच श्रेणिकनं पुण्याला फोन लावला. संघात खेळतो म्हणाला. पण समोरच्याला नाचवून दाखवणार नाही. आजचं शूटिंगही नको.

"मग तुझ्यात आणि बाकीच्यांत फरक काय?" पलीकडच्या माणसानं विचारलं. उत्तराची वाट न बघता तो म्हणाला, "बघतो, कळवतो."

पुढं त्यांनी काही कळवलं नाही. ती जागा सोलापूरच्या एका मुलाला मिळाली.

त्याच दुपारी श्रेणिक पार्लरचा जिना चढला. चाचा एकटेच डबा खात होते. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

श्रेणिक उभ्यानंच सांगायला लागला. गिरणीचं सांगितलं. ओरडावं लागलं ते सांगितलं. ती थांबली होती, हे सांगताना मात्र अडखळला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा अडखळला.

"थांबली होती?" चाचांचा घास हातातच राहिला.

"हो."

"बघायला?"

"...हो. तिला कुणी सांगितलं नव्हतं, चाचा. आपली रीत तिला कुठली माहीत? ती आपणहून थांबली."

चाचांनी घास डब्यात परत ठेवला. डबा बंद केला. नळाखाली हात धुतले आणि कितीतरी वेळ पुसत राहिले.

"तिनं माफ केलं नाही," श्रेणिक म्हणाला.

"कशाला करेल?"

"परत येऊ नको म्हणाली."

"मग जायचं नाही."

"म्हणजे झालं? आता काहीच करायचं नाही मी?" श्रेणिकच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज रागाचाच होता. "कंपनीला नाही म्हणून आलो. माझ्याकडचा व्हिडिओ काढून टाकला. बाकीच्यांकडे फिरतोच आहे, तो कसा काढू? तुम्ही तरी बोला काहीतरी! काल ओरडलात तसं ओरडा!"

चाचा खुर्चीत बसले. न वाकणारी बोटं दुसऱ्या हातानं दाबत राहिले.

"परवा मी तो व्हिडिओ बघितला," ते म्हणाले. "इथंच बसून. झोका इतका छान घेतला होतास... मी हसलो. मोठ्यानं हसलो. दुसऱ्यांदा लावला, तेव्हा बाजूला ती दिसली."

मागांची पाळी बदलत होती. खडखडाट एकेक करत थांबला आणि खोलीत एकदम शांतता झाली.



"चाचा," श्रेणिकनं शेवटी हळूच विचारलं, "तुमचा राग गेला का?"

चाचांनी त्याच्याकडे बघितलं. जबडा अजून आवळलेलाच होता.

"तुझ्यावरचा गेला."